पानावरचे पाटकरी



यंदा लागण नोंदीच्या वेळी गट ऑफिसांवर एक प्रश्न इतक्या वेळा आला की, त्याचे उत्तर प्रत्येकाला तोंडी देणे आमच्या शेतकी खात्याला अवघड झाले. प्रश्न असा : "साहेब, कमी पाण्यावर येणारं बेणं द्या की!" विचारणारे बहुतेक कालव्याच्या टेलकडच्या गावांचे. त्यांचा दोष नाही. आवर्तन टेलला पोचेपर्यंत पाटात पाण्याऐवजी पाटाची ओल येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

याच संधीचा फायदा घेऊन काही मंडळी मोटारसायकलवरून गावोगाव फिरत आहेत. "बिनपाण्याचा ऊस" म्हणून ते टिपरी विकतात, दर डोळ्यावर सांगतात आणि पावती देत नाहीत. आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने तसले बेणे घेतले. आम्ही प्लॉटवर जाऊन पाने, कांडी, डोळा, सगळे पाहिले. तो आपला नेहमीचा को ८६०३२ होता. आपल्या बेणेमळ्यात तोच वाण रीतसर मिळाला असता. तात्यांना तसे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग पाण्याशिवाय येणारा ऊस असतोच कुठं, ते तरी सांगा."

तात्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उसाच्या पानात आहे. म्हणून या वेळी खताचे वेळापत्रक बाजूला ठेवून पानाविषयी लिहीत आहोत.

उसाचे हिरवे पान उलटे करून उजेडात धरा. लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतील. त्या रेघांच्या मधल्या पट्ट्यांत, डोळ्याला न दिसणारी छिद्रे ओळीने असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत ती शेकडो असतात आणि उसाच्या पानाला ती दोन्ही बाजूंनी असली तरी खालच्या बाजूला अधिक असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन अंगांना दोन पेशी असतात. शास्त्रात त्यांना रक्षक पेशी म्हणतात. आम्ही त्यांना पाटकरी म्हणतो. कारण काम तेच. दार उघडायचे, दार पाडायचे.

मुळांनी जमिनीतून ओढलेल्या पाण्यापैकी पीक स्वतःच्या अंगात फारच थोडे ठेवते. शंभर भागांतले पंच्याण्णवहून अधिक भाग या छिद्रांतून वाफ होऊन हवेत जातात. हे ऐकले की कोणीही म्हणेल, मग ही छिद्रे बुजवून टाका, पाणीच पाणी वाचेल! पण त्याच दारातून आत काय येते, हे पाहिले पाहिजे. हवेतला कर्बवायू आत येतो आणि त्याचीच साखर होते. उसाच्या वजनात पाणी पुष्कळ असले तरी त्यातली साखर आणि चोयट्या या दोन्हींचा कर्ब हवेतून आलेला असतो, खताच्या पोत्यातून नव्हे. दार बंद, तर पाणी वाचले. पण साखरेचा कच्चा माल यायचाही बंद झाला. टनेज आणि तहान यांचे दार एकच आहे. पाण्याविना टनेज मिळत नाही, ते एवढ्यासाठीच.

येथे एक गोष्ट उसाच्या बाजूने सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रांत ऊस म्हणजे पाणी पिणारे पीक असे सरसकट लिहिले जाते. ऊस, मका, ज्वारी ही पिके कर्बवायू पानात आधी एका खास पद्धतीने साठवून घट्ट करतात व मग वापरतात. त्यामुळे रंध्रे थोडी उघडी ठेवूनही त्यांचे काम भागते. गहू-भात यांना ही सोय नाही. तेव्हा खर्चलेल्या पाण्यामागे वाळलेला माल किती तयार झाला, असा हिशेब केला तर ऊस वाईट पीक नाही. मात्र तो वर्षभर आणि आडसाली असला तर दीड वर्ष शेतात उभा असतो, एप्रिल-मे महिन्याचे ऊन खातो. खरे बिल तिथे होते. ही बाजूही लपवून चालणार नाही.

आता पाटकरी दार उघडतो कसा, ते पाहू. सकाळी उजेड पडला की रक्षक पेशी बाहेरून पोटॅश आत ओढून घेतात. पोटॅशच्या मागे पाणी आत येते. पेशी फुगतात, आणि फुगल्या की त्यांच्यामधली फट उघडते. पोटॅश बाहेर सोडला की पेशी सैल पडतात आणि फट मिटते. उसासारख्या गवतवर्गी पिकांत या पेशी व्यायामाच्या डंबेलसारख्या असून त्यांच्या शेजारी मदतनीस पेशी असतात, म्हणून दार लवकर उघडते, लवकर मिटते. आपण पोत्याने विकत घेतो तोच हा पोटॅश. त्याचे आणखी काम पुढे सांगू.

जमिनीतली ओल कमी झाली की झाडाच्या अंगात अॅब्सिसिक आम्ल नावाचा पदार्थ वाढतो. चिटबॉय तोडणीची चिठ्ठी घेऊन बांधावर यावा, तशी ही चिठ्ठी रक्षक पेशींपर्यंत पोचते : पाणी संपत आले, दार पाडा. चिठ्ठी वाचणारा कोण, हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे उमगत नव्हते. २००९ साली अमेरिकेतील व जर्मनीतील दोन गटांना, पेशीतील ही चिठ्ठी वाचणारी प्रथिने सापडली. ही प्रथिने जनुकांनुसार तयार होतात. जनुक म्हणजे पेशीच्या दप्तरातली एक एक नोंद समजा. पानावर छिद्रे किती पाडायची याची नोंद वेगळी. ती किती मोठी, त्याची वेगळी. चिठ्ठी आल्यावर किती चटकन दार पाडायचे, त्याची आणखी वेगळी. आई-बापांकडून आलेल्या या नोंदी वाणावाणांत सारख्या नसतात. म्हणून एकाच बांधाला लागून असलेले दोन वाण एकाच उन्हात वेगळे वागतात.

हे नुसते पुस्तकी राहू नये म्हणून भाताचे एक उदाहरण देतो. भातात डीएसटी नावाचा एक जनुक आहे. चीनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याचे काम उलगडले. हा जनुक चालू असला की रक्षक पेशींतील एक पदार्थ, हायड्रोजन पेरॉक्साइड, साफ होत राहतो आणि दारे उघडी राहतात. हा जनुक बिघडवला की तो पदार्थ साचतो व दारे मिटायला लागतात. म्हणजे हा जनुक पाटकऱ्याच्या मागे उभा राहून "उघडा ठेव, उघडा ठेव" म्हणणारा आहे. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आंध्रातील एमटीयू १०१० या लोकप्रिय भातात हाच जनुक कात्रीने कापावा तसा कापून निकामी केला. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले की, त्या भाताची पाने रुंद झाली, पानावरची छिद्रे संख्येने कमी झाली आणि ताणात पानातले पाणी जास्त टिकले. त्याच वाटेने तयार झालेला पुसा डीएसटी राईस १ हा वाण मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत जाहीर केला. त्यात बाहेरचा जनुक घातलेला नाही, घरचाच एक बंद केला आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेबरोबर आयआर ६४ या भातावर केलेले कामही असेच आहे. तिथे उलटे केले. छिद्रे पाडू नका असा निरोप देणारा ईपीएफ१ हा जनुक जास्त बोलका केला. छिद्रे कमी झाली. २०१९ साली छापून आलेल्या त्या प्रयोगात, रोपे लहान असताना नेहमीच्या भाताला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ६० टक्केच पाणी त्यांनी वापरले. हे प्रयोग बंदिस्त जागेत केलेले होते, आपल्या मे महिन्यातल्या उघड्या शिवारात नव्हे, हे लक्षात ठेवावे. शिवाय वाफ जाताना पान थंड राहते. घाम आल्यावर माणसाला गार वाटते तसे. छिद्रे फार कमी केली तर पान तापणार.

आता साहजिकच सभासद विचारतील, भाताला झाले, मग उसाला का नाही? उसाचे दप्तर भाताएवढे आटोपशीर नाही, हे त्याचे उत्तर. भाताच्या पेशीत प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती. आजच्या उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे, आणि एकेका नोंदीच्या आठ-दहा किंवा अधिक प्रती, त्याही एकसारख्या नाहीत. एक प्रत बंद केली तरी बाकीच्या बोलतच राहतात. आर ५७० या उसाच्या वाणाचे संपूर्ण दप्तर वाचून २०२४ साली प्रसिद्ध झाले, यावरून काम किती अवघड होते ते समजावे. इंडोनेशियाने २०१३ साली ताण सोसणाऱ्या जनुक-बदल उसाला परवानगी दिली. त्यात जमिनीतील एका जिवाणूचा जनुक आहे. तो पेशीत पाणी धरणारा पदार्थ तयार करतो, छिद्रांशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने उसाच्या एका रानटी नातलगाचा, एरियान्थसचा, जनुक को ८६०३२ मध्ये घालून ताण व क्षार सोसण्याचा गुण वाढल्याचे २०१५ साली दाखवले. पण जनुक बदललेला ऊस शेतकऱ्याच्या शेतात लावण्यास भारतात अजून परवानगी नाही. तेव्हा मोटारसायकलवाल्याकडे तो कोठून येणार, हे वाचकांनीच ठरवावे.

तरीसुद्धा रानटी रक्त आपल्या उसात आहेच, आणि ते शंभर वर्षांपूर्वीच आले आहे. आपल्या आजोबांच्या वेळी दक्खनच्या कालवा भागात पुंड्या ऊस होता. जाड, रसाळ, खायला गोड, पण नाजूक. कोइमतूरची संस्था १९१२ साली स्थापन झाली. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी वेल्लै या जाड उसाचा संकर काशाच्या गवताशी केला. ओढ्याकाठी, माळावर, पांढऱ्या तुऱ्याचे जे बारीक गवत उगवते, जे उपटता उपटत नाही, तेच ते काश. त्यातून को २०५ हा वाण १९१८ साली बाहेर पडला. पुढे को ४१९ आला, को ७४० आला, आणि पुंड्याचे नाव फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिले. आजच्या प्रत्येक वाणात थोडा काश आहे. खोडवा पुन्हा फुटतो, मूळ खोल जाते, ताण सोसतो, हे गुण मोठ्या प्रमाणात त्या गवताकडचे. साखर पुंड्याच्या जातीकडची. को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आलेला वाण. पाडेगावच्या केंद्राने त्याची शिफारस १९९६ साली केली. इतकी वर्षे तो टिकून आहे, यात त्याच्या सोशिकपणाचा वाटा मोठा आहे असे आमचे मत आहे.

यापुढे जे लिहीत आहोत ते खात्याला भूषणावह नाही, पण लिहिले पाहिजे.

२०१८ चा पावसाळा कमी पडला. त्याच्या आधी आम्ही टेलच्या दोन-तीन गावांत एका नव्या, भरघोस टनेजच्या वाणाचा प्रसार केला होता. वाणाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाणाचा दोष नव्हता, दोष जागा निवडणाऱ्याचा होता. एका सभासदाचा तो नवा ऊस आणि बांधाला लागून त्यांच्या चुलतभावाचा को ८६०३२. जमीन एक, विहीर एक, पाळी एकाआड एक. २०१९ च्या एप्रिलमध्ये पाळी आठवरून पंधरा दिवसांवर गेली. दुपारी बारा वाजता पाहायला गेलो, तर ८६०३२ ची पाने सुरळी होऊन उभी राहिलेली. नव्या वाणाची पाने मात्र पसरलेली, हिरवीगार. मालक खुशीत म्हणाले, "बघा साहेब, भावाचा ऊस माना टाकतोय, आपला कसा ताठ आहे!" आम्हीही खूश झालो. तसा फोटोही काढला.

ती आमची चूक होती. सुरळी झालेले पान माना टाकत नसते, ते खर्च आवरत असते. पसरलेले पान आपली शिल्लक उधळत होते. पुढची पाळी वीस दिवसांनी आली, तोवर नव्या वाणाची पाने शेंड्याकडून करपली, फुटवे मेले, पोंगे सहज उपटून हातात येऊ लागले. शेजारचा ८६०३२ जागच्या जागी थांबला होता. वाढला नाही, कांड्या आखूड पडल्या, पण मेला नाही. पाऊस आल्यावर तो पुन्हा चालू लागला. गाळपाच्या वेळी एका भावाचा ऊस तोडायला टोळी आली. दुसऱ्याचा चाऱ्याला गेला होता, आधीच, छावणीत.

छिद्रे मोजायला आमच्याकडे तेव्हा काही साधन नव्हते, म्हणून सगळे श्रेय-अपश्रेय छिद्रांनाच देता येणार नाही. मुळांच्या खोलीतही फरक असू शकतो. पण पानांचे वागणे डोळ्यांनी पाहिले. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच नव्या वाणाने पुढे पाऊसपाणी बरे झाल्यावर हेडच्या गावांत ८६०३२ ला वजनात मागे टाकले. जो गुण टेलला घात करतो तोच हेडला पैसे देतो. पाणी असताना जो पाटकरी दार लवकर पाडतो, तो त्या दिवशी तुमचे टनेजही अडवतो. म्हणून "चांगले बेणे कोणते?" याला आम्ही आता सरळ उत्तर देत नाही. आधी विचारतो : एप्रिल-मे महिन्यात तुमची पाळी किती दिवसांनी येते? दहा-बारा दिवसांच्या आत येत असेल तर टनेजचा वाण घ्या, आमची हरकत नाही. त्यापुढे जात असेल तर सोशिक वाण घ्या आणि टन थोडे कमी धरून हिशेब करा. पाळीचा भरवसाच नसेल तर क्षेत्र निम्मे करा. हे ऊस विकास अधिकाऱ्याने कारखान्याच्याच पत्रकात लिहावे का, असे कोणी म्हणेल. पण चार एकर करपलेल्या उसापेक्षा दोन एकर उभा ऊस गव्हाणीत जास्त पडतो, हे वजनकाट्यावर आम्ही पाहिले आहे.

एक बारकावा राहिला. ऊस टिपरीने लावतात, बियाणे पेरून नव्हे. म्हणून एका वाणाच्या साऱ्या बेटांचे दप्तर एकच. तुमच्या ८६०३२ च्या आणि शेजाऱ्याच्या ८६०३२ च्या जनुकांत फरक नाही. तरीही एकाचा ऊस ताणात टिकतो, दुसऱ्याचा बसतो, असे आपण दरवर्षी पाहतो. तिथे मग दोष बेण्याला देऊन उपयोग नाही. बेणे रोगट किंवा खोडव्याचे नसेल, तर फरक जमिनीत, मुळांत आणि खतात शोधावा लागतो.

त्यात पहिला संशयित पोटॅश. दार उघडण्या-मिटण्याचे काम पोटॅशवर चालते हे वर आलेच. पोटॅश कमी पडला की पाटकरी आळशी होतो. चिठ्ठी येऊनही दार नीट मिटत नाही, पाणी झिरपत राहते; आणि पाणी असतानाही ते पुरते उघडत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा. आमच्या कार्यक्षेत्रात युरिया तीन-तीन वेळा पडतो आणि पोटॅश मात्र "जमिनीत आहे की" म्हणून टाळला जातो. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश अशी आहे. एकरात धरले तर म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ७७ किलो, म्हणजे दीड पोते. निम्मे लागणीच्या वेळी, निम्मे बांधणीला. एवढे तरी पडू द्या. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाला तर गोष्ट वेगळी. पण आधी परीक्षण करा, मग "आहे की" म्हणा.

पाळी लांबली असेल तर २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश आणि २ टक्के युरिया यांची एकत्र फवारणी करावी, म्हणजे दहा लिटर पाण्यात प्रत्येकी २०० ग्रॅम. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. सकाळी लवकर फवारा, पाने उलगडलेली असताना. दुपारी सुरळी झालेल्या पानावर फवारून औषध जमिनीवर पडते आणि मजुरी अंगावर. फवारणीने ऊस वाढतो असा समज करून घेऊ नका. ती फक्त ताणाचे दिवस निभावण्यापुरती असते.

पाचटाबद्दल इतके वेळा लिहिले आहे की पुन्हा लिहायचा कंटाळा येतो, तरी यंदाही काडी ओढलेली शेते दिसली. पानातून जाणारे पाणी निदान साखर तरी देऊन जाते. उघड्या सरीतून उडणारे पाणी काहीच देत नाही. खोडव्यात पाचट सरीत दाबा, आणि उभ्या उसाची खालची वाळलेली पाने काढून तीही सरीत टाका. ठिबक असेल त्यांना हे सांगण्याची गरज नाही, नसेल त्यांना मात्र याहून स्वस्त उपाय आमच्यापाशी नाही.

आता पाळी केव्हा द्यायची, हे पानाकडून कसे ओळखावे? दुपारची सुरळी पाहून घाबरू नये. पाणी भरपूर असतानाही कडक उन्हात काही वाण पाने मिटतात. सकाळी सात-साडेसातला प्लॉटवर जा. रात्री रंध्रे बहुतेक मिटलेली असतात आणि मुळे तेवढ्या वेळात पान पुन्हा भरून काढतात. सकाळी पान उलगडलेले असेल तर ऊस अजून दोन-तीन दिवस थांबू शकतो. सकाळीही सुरळी सुटलेली नसेल, तर जमिनीतली शिल्लक संपली. असेल तेथून पाणी आणा. आणि थोडेच पाणी हाती असेल तर ते पहिले सुरू उसाच्या फुटव्यांना द्या. फुटवा मेला की पुढे कितीही पाणी दिले तरी बेटातली संख्या भरून येत नाही. मोठा आडसाली ऊस त्या मानाने थांबतो, कांडी आखूड देतो, पण जागा सोडत नाही.

आमच्या एका सभासद काकूंनी हा सकाळचा नियम ऐकून विचारले, "पण आमची लाईटच रात्रीची असते, सकाळी बघून करू काय?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. रात्रीच्या लाईटीवर अंधारात दारे धरणाऱ्यांच्या अडचणी संचालक मंडळापुढे ठेवल्या आहेत; निर्णय झाल्यावर कळवू.

आता शेवटची सूचना. माती परीक्षण प्रयोगशाळेत आपण एक सूक्ष्मदर्शक ठेवला आहे. पानावरची छिद्रे ज्यांना पाहायची असतील त्यांनी असे करावे. उसाच्या पूर्ण उलगडलेल्या वरच्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेपासून जरा दूर, बायका नखांना लावतात ते बिनरंगी नेलपॉलिश नखाएवढे लावावे. दहा मिनिटांत वाळते. त्यावर चिकटपट्टी दाबून ती अलगद ओढली की पानाचा ठसा पट्टीवर येतो. ती पट्टी काचेवर लावून डब्यात घालून आणावी. वाणाचे नाव, गट नंबर आणि शेवटची पाळी कधी दिली तो दिवस चिठ्ठीवर लिहावा. हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांनाही कळवले आहे; मुलांना घेऊन येत असाल तर आदल्या दिवशी गट ऑफिसला सांगावे, म्हणजे खुर्च्या मांडता येतील. २०१९ च्या त्या दोन भावांच्या शेतात यंदा पुन्हा दोन्ही वाण शेजारी आहेत. त्यांचे ठसे आम्ही स्वतः मार्चमध्ये, पाळी तुटण्याआधी एकदा आणि तुटल्यावर एकदा, घेणार आहोत. काय दिसले ते उन्हाळी अंकात छापू.